स्फटिक कधी पडायचा, हे ठरवणारे फुगे

पाण्याला चांगले शब्द ऐकवले की त्याचे सुंदर स्फटिक होतात, हा दावा अजून फिरतो आहे. त्याला कसलाही आधार नाही. ध्वनीने स्फटिक पाडता येतात हे मात्र खरं. पण तो ध्वनी सेकंदाला 20,000 कंपनांचा, कानाला न ऐकू येणारा, आणि काम करतात ते त्याने उठवलेले फुगे.

पॅरासिटामॉलचं गरम, संपृक्त (म्हणजे आणखी विरघळणार नाही इतकं भरलेलं) द्रावण टाकीत ढवळत गार करू लागलो, तरी स्फटिक लगेच येत नाहीत. कित्येक अंश खाली जाऊनही द्रावण नितळच. मग एकाएकी सगळं दुधाळ होतं. बारीक कणांचा लोंढा येतो, फिल्टरचं कापड चोंदतं, कापडावर साचलेल्या थरात, म्हणजे केकमध्ये, मदर लिकर (स्फटिकांभोवती उरलेलं द्रावण) अडकून राहतं आणि त्यातली अशुद्धी मालासोबतच वाळते.

हे टाळायला द्रावणात प्रोब, म्हणजे ध्वनी देणारी दांडी, बुडवतात. प्रोबच्या टोकाशी दर 50 मायक्रोसेकंदांनी दाब चढतो-उतरतो. उतरताना द्रवात पोकळ्या पडतात, चढताना त्या मिटतात. मिटत्या फुग्यात तापमान काही हजार अंशांवर जातं. मग स्फटिक विरघळत कसा नाही? कारण तो तापलेला गाभा अतिसूक्ष्म असतो आणि भोवतीचा द्रव त्याला तत्क्षणी गार करतो. मागे उरते दाबाची लाट. शिवाय फुगा फुगताना त्याच्या पृष्ठभागावरून द्रावक उडतो, त्यामुळे तिथे रेणूंची दाटी होते. यातलं नेमकं कशामुळे बीज, म्हणजे स्फटिकाचा पहिला कण, पडतं, यावर संशोधकांत अजून वाद आहे. पण बीज लवकर पडतं, आणि आपण ठरवू तेव्हा पडतं. खरी किंमत या वेळेवरच्या ताब्याची आहे.

म्हणून संपृक्ततेच्या तापमानाखाली तीन-चार अंश उतरल्यावर थोडा वेळच ध्वनी द्यायचा आणि धूसरपणा दिसताच बंद करायचा. पुढे सावकाश गार करत स्फटिक वाढवायचे. चालूच ठेवला तर तयार स्फटिक आपटून तुटतात आणि पुन्हा बारीक चुरा होतो. उष्णतेचा हिशेबही करावा: 1 लिटर पाण्यात 100 वॉट मिनिटभर गेले की तापमान सुमारे 1.4 अंशांनी चढतं. दहा मिनिटांत 14 अंश, म्हणजे गार करून कमावलेली अतिसंपृक्तता (मावण्याहून जास्त विरघळलेलं असणं) गेलीच.

प्रोब फार वर असला की हवा ओढतो, आणि हवेचे बुडबुडे ध्वनी गिळून टाकतात. जोरदार पोकळ्या टोकापासून काही सेंटिमीटरच पोचतात. बाकीचं द्रावण तिथवर आणायचं काम ढवळणीचं. मोठ्या टाकीत एक प्रोब पुरत नाही. द्रावण बाहेरच्या नळीतून फिरवून तिथे ध्वनी देतात, किंवा टाकीच्या भिंतीवर बाहेरून ट्रान्सड्यूसर (विजेपासून ध्वनी करणारी उपकरणं) चिकटवतात. दुसऱ्या सोयीचा मोठा फायदा असा, की तिथे द्रावणात प्रोब बुडवावा लागत नाही; प्रोबचं टायटॅनियमचं टोक याच फुग्यांनी झिजतं आणि धातूचे कण औषधात उतरतात.