बारा मोटेच्या विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं?

साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटेची विहीर वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधून घेतली. अष्टकोनी, सुमारे 110 फूट खोल, वरून बघितली तर शिवपिंडीसारखी. काठावर मोटांची थारोळी, म्हणजे मोटेचं पाणी ओतायच्या जागा, आहेत, आत कमानींवर छोटा महाल आहे. छत्रपती प्रतापसिंहांची खलबतं इथे चालत, असं सांगतात. आता पर्यटकांची रीघ लागते, आणि अशा विहिरींबद्दल ‘उन्हाळ्यात गार, थंडीत गरम, देवाची करणी!’ हे वाक्य ठरलेलं असतं.

करणी आहे ती खडकाची, आणि मला तीच फार विलक्षण वाटते. सूर्याची उष्णता जमिनीत अतिशय संथ झिरपते. दिवस-रात्रीचा चढउतार खडकात वीतभर जाईपर्यंतच बराचसा विरतो. वर्षाचा चढउतार जास्त खोल जातो, पण 365 पट नव्हे. वर्गमुळाच्या हिशेबाने फक्त 19 पट. म्हणजे साधारण 3 मीटरवर त्याचा एक तृतीयांश उरतो, पुढच्या 3 मीटरवर त्याचाही तिसरा हिस्सा. 10 मीटरवर जेमतेम तीन-चार टक्के. शिवाय ही चढउताराची लाट खाली जाता जाता मागे पडते. 9 मीटरच्या आसपास ती सहा महिने उशिरा पोचते, म्हणजे वर कार्तिक असताना तिथे वैशाखाची अगदी पुसट ऊब असते!

त्याखालचा खडक आणि त्यातून झिरपणारं पाणी बारमाही जवळजवळ एकाच तापमानाला राहतं. आपल्याकडे ते 25 अंशांच्या आसपास धरा. बाहेर 12 अंश असताना ते कोमट लागतं, 38 असताना गार. बदलते ती बाहेरची हवा. त्वचेला फक्त फरक कळतो. ‘प्राचीन एसी’ म्हणून फिरणाऱ्या पोस्टही त्यामुळे फसव्या आहेत. महालातला गारवा खरा, पण त्यामागे गुप्त यंत्र नाही.

उघड्या विहिरीत थोडी गुंतागुंत आहेच. थंडीतली जड हवा आत उतरते, उन्हाळ्यातली हलकी वरच राहते, त्यामुळे तळ सरासरीपेक्षा किंचित गार असू शकतो. मोजायचंच असेल तर जानेवारीत आणि मेमध्ये दोरीला बांधलेल्या छोट्या बादलीतच थर्मामीटर ठेवा, दहा मिनिटं पाण्यात बुडू द्या आणि बादली भरलेलीच वर ओढा. नुसता थर्मामीटर ओढलात, तर वर येईपर्यंत तो हवेचंच तापमान दाखवू लागतो.