घर नाकारणाऱ्यापर्यंत कायदा कितपत पोचतो?

शशी थरूर यांनी मार्च २०१७ मध्ये लोकसभेत मांडलेल्या भेदभावविरोधी व समानता विधेयकाचा मूळ प्रश्न जुना आहे: समानतेचं बंधन फक्त सरकारवर, की घरमालक आणि दुकानदारावरही?

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, पण कागदावरच. ठराव मोडणाऱ्याला शिक्षाच नव्हती. म्हणून १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला: न पाळणाऱ्या संस्थांचं अनुदान थांबवा. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना सत्याग्रह करावाच लागला. मग सवर्ण कोर्टात गेले आणि ‘तळं खासगी आहे’ असा दावा केला. तो हायकोर्टात निकाली निघायला १७ मार्च १९३७ उजाडला.

खासगीपणाची ही ढाल बाबासाहेबांच्या चांगलीच लक्षात होती. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत दुकानं, हॉटेलांसारख्या जागी भेदभावाला मनाई करणाऱ्या (आजच्या) कलम १५ वर चर्चा झाली, तेव्हा एस. नागप्पांनी ‘दुकान’ म्हणजे नेमकं काय, असं विचारलं. बाबासाहेबांनी अर्थ मुद्दाम रुंद केला: येईल त्याला सेवा द्यायला मालक तयार असतो ती जागा म्हणजे दुकान. लाँड्री, केशकर्तनालय सगळं त्यात आलं. घर मात्र त्या यादीत नव्हतं.

१९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात राहत्या जागेचा उल्लेख आहे. १९७६ मध्ये त्याचं नागरी हक्क संरक्षण कायदा असं नामांतर झालं आणि किमान एक महिना कैदही आली. पण तो अस्पृश्यतेपुरताच. मुसलमान भाडेकरूला किंवा एकट्या राहणाऱ्या बाईला त्याचा उपयोग नाही. शिवाय फौजदारी खटला पोलिसांवर अवलंबून. २००५ मध्ये तर सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका सोसायटीचा फक्त पारशांनाच सभासद करण्याचा उपविधी वैध ठरवला.

थरूर यांच्या विधेयकानं म्हणूनच दिवाणी वाट धरली: तुरुंगाऐवजी नुकसानभरपाई. ही दिशा योग्यच होती. पण ते खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं मांडलेलं. अशा विधेयकांना शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मिळतात, आणि दोन्ही सभागृहांत मंजूर झालेलं शेवटचं खासगी विधेयक १९७० चं. २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि हेही बारगळलं.