लपवणं आणि फसवणं: थरारकादंबरीवरून वाचकांत पडणाऱ्या तटांची पार्श्वभूमी

एकच गुन्हेगारी कादंबरी. एक वाचक म्हणतो, हातातून सुटली नाही. दुसरा म्हणतो, शेवटी लेखकानं चक्क गंडवलं. बरेचदा दोघांचा रोख एकाच पानावर असतो, जिथे आधी सांगितलेलं सगळं उलटं फिरतं. वाचकापासून काय लपवायची मुभा लेखकाला आहे, यावर त्यांचं एकमत नसतं. हा वाद 1926 मध्ये आलेल्या अगाथा ख्रिस्ती यांच्या 'द मर्डर ऑफ रॉजर ऍक्रॉइड' या कादंबरीपासून पेटलेला आहे.

त्याआधीच्या हेरकथांत, म्हणजे गुन्ह्याचा छडा लावणाऱ्या हेरांच्या गोष्टींत, हा प्रश्न फारसा निघत नव्हता. हेराला जे दिसायचं ते वाचकाला कितीदा शेवटीच कळायचं आणि त्याची कुणी तक्रार करत नसे. पहिल्या महायुद्धानंतर कादंबरी हा लेखक आणि वाचक यांच्यातला सामना झाला. 1929 मध्ये सुरू झालेल्या एका अमेरिकन मालिकेत तर उकल येण्याआधी वाचकाला थांबवून सांगितलं जाई, की सगळे धागे तुमच्या हाती आलेत, आता ओळखा. सामना म्हटला की नियम आले आणि नियम आले की पंचाशी हुज्जतही आली.

1926 च्या त्या इंग्लिश कादंबरीत गोष्ट सांगणारा गावातला डॉक्टरच खुनी निघतो. (शंभर वर्षांनंतर हे सांगायला हरकत नसावी.) युक्ती कशी बसवली आहे ते पाहण्यासारखं आहे. नऊला वीस मिनिटं असताना, ज्याचा खून होतो त्याच्या खोलीत टपाल येतं. नऊला दहा मिनिटं असताना डॉक्टर बाहेर पडतो. दाराच्या मुठीवर हात ठेवून तो मागे वळून बघतो, काही करायचं राहिलं तर नाही ना, असा विचार करतो आणि निघून जातो. यातलं एकही वाक्य खोटं नाही. खून मधल्या दहा मिनिटांत झाला आहे आणि त्या दहा मिनिटांबद्दल निवेदक अवाक्षर काढत नाही. साडेनऊला मृताचा आवाज ऐकू येतो तो ध्वनिमुद्रण यंत्रातून. ते यंत्र दारातून दिसू नये म्हणून जागची ओढलेली खुर्चीही वाचकाला आधीच दाखवलेली आहे. शेवटच्या प्रकरणात निवेदक आपलीच ती वाक्यं काढून दाखवतो आणि त्यांवर खूशही होतो.

यावर तट पडले. 1928 मध्ये एका अमेरिकन लेखकानं 20 नियम छापले. त्यांतला एक असा, की गुन्हेगार हेरावर जी चाल खेळतो तिच्यापलीकडे वाचकाची मुद्दाम दिशाभूल करायची नाही. पुढच्याच वर्षी एका इंग्लिश धर्मगुरूनं, जो स्वतः रहस्यकादंबऱ्या लिहायचा, 10 नियम दिले. पहिलाच नियम: गुन्हेगाराचा उल्लेख सुरुवातीलाच यावा, पण ज्याच्या मनातले विचार वाचकाला कळत होते असा कुणी तो नसावा. हा बाण कुठे जातो ते उघड आहे. गंमत म्हणजे, ख्रिस्तीबाईंचे पराक्रम पाहता हा नियम नेमक्या शब्दांत बसवणं अवघड आहे, अशी कबुली नियमकर्त्यानंच देऊन ठेवली. 1930 मध्ये लंडनमध्ये रहस्यकथालेखकांचं मंडळ निघालं. सभासद होताना महत्त्वाचा धागा वाचकापासून न दडवण्याची शपथ घ्यावी लागे. कादंबरीची लेखिकाही त्याच मंडळात होती.

त्या डॉक्टरवरचा फसवणुकीचा आरोप टिकत नाही. तो सगळं नंतर लिहून काढतो आहे. लिहिणारा माणूस काय लिहायचं ते निवडतो, आणि काय गाळलं हे ताडण्याची संधी वाचकाला घड्याळाच्या काट्यांतून मिळते. तपासायचं असेल तर पुस्तक पुन्हा वाचताना तीन ठिकाणी थांबावं: वेळेत जिथे फट आहे, वाक्यातून कर्ता जिथे गायब होतो, आणि ऐन मोक्याला प्रकरण जिथे तुटतं. गुन्हेगार माहीत असूनही त्या ठिकाणचं प्रत्येक वाक्य खरं ठरत असेल, तर लेखकानं फक्त लपवलं आहे.

अलीकडच्या थरारकादंबऱ्यांवर लोक चिडतात त्याचं मोठं कारण काळ आहे, म्हणजे क्रियापदाचा. 'मी खोलीत शिरते. गालिच्यावर रक्त आहे. कुणी केलं असेल हे?' असं वर्तमानकाळात, मनातल्या मनात बोलणारी बाई शेवटी स्वतःच खुनी निघाली, तर ती नेमकं कुणाला गंडवत होती? तिथे कागद नाही, लिहिणं नाही, निवड करायला वेळही नाही. प्रथमपुरुषी वर्तमानकाळानं वेग येतो म्हणून तो सर्रास वापरला जातो, पण गाळायची सोय त्यात जवळपास उरत नाही. 2012 च्या गाजलेल्या अमेरिकन कादंबरीनं यातून वाट काढली. तिथली खोटी रोजनिशी पोलिसांच्या हाती पडावी म्हणूनच लिहिलेली असते; खोटं पात्र बोलतं, लेखिका नाही. तिच्या मागोमाग आलेल्यांनी धक्का तेवढा उचलला. दारूच्या नशेत काही न आठवणारी निवेदिका हा आणखी वेगळा प्रकार. ती लपवत नाही, तिला ठाऊकच नसतं. 1961 मध्ये एका अमेरिकन समीक्षकानं रुळवलेल्या 'अविश्वसनीय निवेदक' या नावाखाली आज गाळणारा, खोटं बोलणारा आणि न आठवणारा असे तिन्ही प्रकार कोंबले जातात आणि मग एकाची शिक्षा दुसऱ्याला मिळते.

दुसरी परंपरा कोड्याच्या वाटेला जातच नाही. 1912 च्या एका कथासंग्रहात खून आणि खुनी आधी दाखवून उत्सुकता तपासावर टिकवली होती. 1931 च्या एका इंग्लिश कादंबरीत, डॉक्टरनं बायकोला मारायचं ठरवलं, हे पहिल्याच वाक्यात कळतं. अशा पुस्तकाला 'खुनी लगेच ओळखला' म्हणून नापास करणारे आजही भेटतात. मुखपृष्ठावर 'कल्पनाही करता येणार नाही असा शेवट' छापणारे प्रकाशकही याला जबाबदार आहेत. ते वाचून वाचक पहिल्या पानापासून प्रत्येक पात्रावर संशय घेत बसतो, आणि थरारासाठी लिहिलेलं पुस्तक कोडं म्हणून तपासलं जातं.

शेवट आधी कळल्यानं गोडी जाते का, यावरही निकाल लागलेला नाही. 2011 मध्ये अमेरिकेत 12 लघुकथांवर झालेल्या प्रयोगात शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना सरासरी जास्त आवडल्या. 2015 मध्ये दुसऱ्या संशोधकांना उलट आढळलं. दोन्हीकडे साहित्य लघुकथांचं होतं. चारशे पानं ज्या प्रश्नावर ताणून धरायची, त्या कादंबरीला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.

वाचक पुस्तकाला गुण म्हणून देतात त्या ताऱ्यांनी तर घोळ वाढवला. वाचकांच्या एका मोठ्या संकेतस्थळावर 2 तारे म्हणजे 'ठीक' आणि 3 म्हणजे 'आवडलं'. पुस्तकं विकणाऱ्या एका बड्या दुकानात 'ठीक'साठी 3 आणि 'आवडलं'साठी 4 तारे असत. 3 तारे देणारे दोघे एकाच मताचे असतीलच असं नाही. त्यात धक्कादायक शेवटाच्या पुस्तकाला 1 आणि 5 अशी दोन टोकं मिळाली की सरासरी येते 3, म्हणजे त्या दोघांपैकी एकाचंही नसलेलं मत. पुस्तक निवडताना त्या सरासरीपेक्षा 1 तारा देणाऱ्यांची कारणं जास्त कामाची: 'संथ आहे' असं असेल तर प्रश्न आवडीचा; 'शेवटासाठी आधीच्या पानांशी बेइमानी केली' असं अनेकांनी स्वतंत्रपणे लिहिलं असेल, तर शंका 1926 च्या वादातली आहे आणि ती पानं उघडून तपासता येते.