विमानात न्यायचं सामान: काउंटरवर नेमकं कुठे अडतं

दर सुट्टीत विमानतळाच्या काउंटरसमोर फरशीवर बॅगा उघडून बसलेली कुटुंबं दिसतात. घरी वजन करून आलेली असतात बिचारी. तिकिटावरची सामानाची ओळ मात्र कुणी वाचलेली नसते. किती न्यायचं ते तिथेच ठरतं. शेजारच्यांना गेल्या वर्षी किती नेऊ दिलं, याला काउंटरवर काही किंमत नाही.

ती ओळ दोन तऱ्हांची असते. '15 किलो' असेल तर ते एकूण वजन. देशातल्या इकॉनॉमी तिकिटावर साधारण एवढंच मिळतं. '2 पीसी' असेल तर दोन नग. अमेरिका-कॅनडाच्या तिकिटांवर हे दिसतं आणि इकॉनॉमीत सहसा प्रत्येक नग 23 किलोपर्यंत चालतो. लोक 46 किलो अशी बेरीज करतात, मग एक बॅग 28 ची भरतात, दुसरी 18 ची. 28 किलोच्या बॅगेला जादा पैसे पडतात. दुसरीत जागा होती हे कुणी ऐकून घेत नाही. 32 किलोच्या वरची बॅग तर पैसे देऊनही सहसा घेत नाहीत, कारण ती माणसांना उचलावी लागते. काही स्वस्त तिकिटांत एकच नग असतो, तेही बघा.

सगळ्यात जास्त त्रास वेगवेगळ्या तिकिटांचा. नागपूर–मुंबई एका तिकिटावर आणि मुंबई–न्यूयॉर्क दुसऱ्यावर काढलं, तर नागपूरच्या काउंटरवर 15 किलोचाच नियम लागतो. पुढचं तिकीट दाखवून उपयोग होईलच असं नाही. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर सहसा परदेशी प्रवासाचीच मर्यादा पहिल्या टप्प्यालाही धरतात. तिकीट विकतानाच हे सांगायला हवं. सांगत नाहीत, म्हणून तुम्हीच विचारा.

केबिन बॅग एक, 7 किलोची. सोबत पर्स किंवा लॅपटॉपची छोटी बॅग चालते. मापं कंपनीगणिक बदलतात. इंडिगोचं 55×35×25 सेंमी आहे.

पॉवर बँक केबिनमध्येच ठेवायची, चेक-इनमध्ये कधीच नाही. मर्यादा 100 वॉट-अवर (बॅटरीत साठणाऱ्या विजेचं माप), पण पॉवर बँकवर आकडा असतो एमएएचमध्ये. त्याला 3.7 ने गुणून 1000 ने भागा: 20,000 एमएएच म्हणजे 74, चालेल. 100 ते 160 ला कंपनीची परवानगी लागते, 160 च्या वर बंदी. छापलेला आकडा पुसला गेला असेल तर ती काढून घेऊ शकतात. आणि विमानात जागा नाही म्हणून दाराशी केबिन बॅग मागितली, तर देण्याआधी पॉवर बँक, औषधं, दागिने आणि पासपोर्ट बाहेर काढा. त्या घाईत हेच राहून जातं.

आता खाऊ. सुकं खोबरं केबिनमध्येही नाही, चेक-इनमध्येही नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून बंदी आहे. लोणचं चेक-इनमध्येच, नीट सीलबंद करून. परदेशी उड्डाणात तूप, चटणीसारख्या पदार्थांनाही केबिनमध्ये 100 मिलीची मर्यादा लागू होते. दुबईला निघालेल्यांनी खसखस अजिबात नेऊ नये, अनारशांवर लावलेलीसुद्धा. अमिरातीत ती अमली पदार्थांत मोडते आणि फराळ आहे म्हणून सुटका होत नाही.

औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, शक्यतो औषधाच्या मूळ घटकाचं नाव लिहिलेली. अस्थी न्यायच्या असतील तर कंपन्या मृत्यूचा दाखला आणि दहनाचा दाखला मागतात. दुःखाच्या त्या दिवसांत स्मशानभूमीची पावती जपून ठेवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. घरातल्या एकाने ते काम अंगावर घ्यावं आणि निघण्याआधी कंपनीला फोन करावा.

बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर विमानतळ सोडण्याआधी तिथल्या सामान कक्षात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. त्या तक्रारीला पीआयआर म्हणतात. घरी जाऊन ईमेल करू म्हणणाऱ्यांचे दावे फार अडतात. परदेश प्रवासात माँट्रियल करारानुसार तुटफुटीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांत करावी लागते. बॅग उशिरा आली असेल तर 21 दिवस, आणि तेही बॅग हातात पडल्यापासून मोजायचे. चेक-इनच्या वेळी दिलेला टॅगचा तुकडा तोवर टाकू नका.