अकरा रजिस्टरं आणि एक मोबाईल

१ जुलै २०२५ पासून घरपोच आहाराचं पाकीट देण्याआधी लाभार्थ्याचा चेहरा मोबाईलवरच्या ‘पोषण ट्रॅकर’ ॲपमध्ये पडताळून घेणं देशभरातल्या अंगणवाडी सेविकांना बंधनकारक झालं. सेविकांच्या संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा ॲपवरून केवढा गहजब. पण या नाराजीमागे जुनी हकीकत आहे. सेविकेचं लिखाण हलकं करायला म्हणून जे जे आणलं गेलं, ते आधीच्या लिखाणाच्या जागी क्वचितच आलं. बहुतेक वेळा त्याच्यावर चढून बसलं.

अंगणवाडी ही कल्पना मुळात आपल्या पालघरच्या भागातली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी सुरू केली, पुढे अनुताई वाघांना घेऊन त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यायची, ही त्यांची युक्ती. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा गावोगावच्या केंद्राला नाव मिळालं ते हेच, अंगणवाडी. काम मात्र कितीतरी वाढलं: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे आजारी मुलाला-बाईला दवाखान्यात पाठवणं), आहार-आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. सहा सेवा, एक सेविका, एक मदतनीस. सेविका कागदोपत्री मानसेवी, म्हणजे पगार नाही, मानधन. नोंदी मात्र तिच्याकडून कारकुनासारख्या चोख हव्या होत्या. ही विसंगती पहिल्या दिवसापासूनची आहे.

सगळ्याच नोंदी जाचक होत्या, असं मुळीच नाही. वृद्धिपत्रक घ्या. वजनकाट्याच्या झोळीत मूल बसवायचं, ते भोकाड पसरतं, काटा थरथरतो, स्थिर झाला की आकडा वाचायचा आणि पत्रकावर वयाच्या उभ्या रेघेत ठिपका द्यायचा. मागच्या महिन्याच्या ठिपक्याला तो जोडला की रेघ वर गेली की आडवी पडली, हे निरक्षर आईलाही दिसतं. ही नोंद आई आणि सेविका दोघींच्या उपयोगाची, तिथल्या तिथे. रजिस्टरांचं तसं नव्हतं. ती महिन्याच्या अहवालासाठी, अहवाल पर्यवेक्षिकेसाठी, तिथून प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, जिल्ह्याला, आयुक्तालयाला. माहिती वर जायची, खाली फारसं काही यायचं नाही.

वर जाणाऱ्या माहितीची भूक २००१ नंतर वाढली. अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आधी अंगणवाडीचा आहार हा मुलांचा हक्क ठरवला आणि १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात किमान १४ लाख अंगणवाड्या उभ्या करायला सांगितलं. हे व्हायलाच हवं होतं. पण हक्काबरोबर तो पोचल्याचा पुरावा आला, आणि पुरावा लिहिणार कोण? तीच.

२०१२ च्या सुमारास योजनेची फेररचना झाली, नोंदी देशभर एकसारख्या करायचं ठरलं आणि त्यातून आली ती प्रसिद्ध अकरा रजिस्टरं. कुटुंबाची माहिती, आहाराचा साठा, आहार वाटप, पूर्वप्राथमिक शिक्षण, गरोदरपण व बाळंतपण, लसीकरण, जीवनसत्त्व अ, गृहभेटी, संदर्भ सेवा, मासिक गोषवारा आणि मुलांची वजनं. एकाच बाळाचं नाव त्यांतल्या पाच-सहा ठिकाणी लिहावं लागतं. मी पाहिलेल्या एका अंगणवाडीत ही रजिस्टरं धान्याच्या कोठीवर रचलेली होती, पुठ्ठे सुटू नयेत म्हणून वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली. ताई म्हणाल्या, मुलांची गाणी सकाळी, रजिस्टरं घरी गेल्यावर, भाकऱ्या झाल्या की.

म्हणून मोबाईल आला तेव्हा सेविकांनी त्याला विरोध केला होता, हा समज चुकीचा आहे. २०१६ च्या सुमारास काही राज्यांत ‘कॅस’ (कॉमन ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर) हे अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप सुरू झालं, त्यात महाराष्ट्रही होता. अकरातली दहा रजिस्टरं त्यात बसवलेली होती. नाव एकदा घातलं की सगळीकडे यायचं, वजन टाकलं की मूल कोणत्या श्रेणीत ते ॲप स्वतः सांगायचं, आज कोणत्या घरी भेट द्यायची त्याची यादी निघायची. नेटवर्क नसताना भरून ठेवता यायचं. बनवणाऱ्यांनी सेविकेचा दिवस कसा जातो, हे पाहिलं होतं असं त्यावरून वाटतं. ८ मार्च २०१८ ला केंद्राचं पोषण अभियान सुरू झालं आणि ॲप वापरून काम करणाऱ्या सेविकेला महिना ५०० रुपये प्रोत्साहन भत्ता ठरला. पण कागदी रजिस्टरं बंद करण्याची हिंमत खालच्या यंत्रणेत अनेक ठिकाणी झाली नाही. तपासणीला आलेला माणूस वहीच मागतो. मग ॲपही भरा, वहीही भरा.

२०२० मध्ये ‘कॅस’ गुंडाळलं गेलं. १ मार्च २०२१ ला त्याच्या जागी ‘पोषण ट्रॅकर’ आला, आणि इथे महाराष्ट्रात ठिणगी पडली. राज्याने आधी वाटलेले एक लाखाहून जास्त फोन दोन जीबी रॅमचे, म्हणजे कमी ताकदीचे. नवं ॲप त्यांना पेलेना, फोन तापायचे, अडकायचे, वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. त्यात ॲप इंग्रजीत. आठवी-दहावी शिकलेल्या, वीस-पंचवीस वर्षं सुंदर मराठीत रजिस्टर लिहिणाऱ्या बाईने पाड्यावरच्या प्रत्येक मुलाचं नाव इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायचं! ऑगस्ट २०२१ पासून सेविकांनी बालविकास प्रकल्प कार्यालयांत जाऊन फोन परत करायला सुरुवात केली. मोबाईल वापसी आंदोलन म्हणून ते ओळखलं जातं. भाषेचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयातही गेला. पुढे ट्रॅकर मराठीसह २४ भाषांत आला. तरी ४ डिसेंबर २०२३ ला सुरू झालेल्या ५२ दिवसांच्या संपात मानधन, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन यांच्या जोडीला चांगल्या मोबाईलची मागणी होतीच.

मधल्या काळात मोबाईलने आणखी एक गोष्ट केली. फोन हातात आहे म्हटल्यावर इतर योजनांच्या कामासाठीही सेविका सोयीची वाटू लागली. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज नारीशक्ती दूत ॲपवर भरण्याचं काम सेविकांकडे आलं, अर्जामागे ५० रुपये ठरले. रजिस्टरांच्या काळात असं एका रात्रीत काम अंगावर टाकणं जमलं नसतं, आधी छापील नमुने तरी पोचावे लागले असते.

आताची चेहरा पडताळणी याच रांगेतली पुढची. हेतू सरळ आहे: पाकीट खऱ्या लाभार्थ्यालाच जावं. पण आधी आधार जोडायचं, ओटीपी घ्यायचा, मग चेहरा. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, नवरा ऊसतोडीला, फोन त्याच्याबरोबर. ताई त्याला फोन लावतात, तो उसाच्या फडात असतो, उचलत नाही. बाई कडेवरचं मूल सावरत उंबऱ्यात उभी राहते. तासाभराने आकडे येतात, तोवर ओटीपीची मुदत संपलेली असते. ताई पुन्हा पाठवतात आणि नंबर विसरू नये म्हणून शेजारच्या वहीत लिहून ठेवतात. त्या वहीचा नंबर त्यांनीच ठरवला आहे, बारा.