पोटभाडेकरूंचं स्वतंत्र घर

हेडफोन ॲम्प (हेडफोनला पुरेशी ताकद देणारा ॲम्प्लिफायर) आणि डॅक (डिजिटल आकड्यांचा ऐकू येणारा सिग्नल करणारा भाग) एकाच डब्यात असलेली महागडी यंत्रं आता इतकी सर्रास दिसतात, की ही जोडी पहिल्यापासूनचीच असावी असं वाटतं. तसं नाही. दोघांची घराणी वेगळी, आणि दोघंही बराच काळ दुसऱ्यांच्या घरी पोटभाडेकरू म्हणून राहिले.

हेडफोन ऐकणारे वाढले ते जॉन कॉस यांनी १९५८ साली अमेरिकेत स्टिरिओ हेडफोन आणल्यानंतर. दहा वर्षांनी सेनहायझरचा उघड्या पाठीचा एचडी ४१४ आला. पण हेडफोनसाठी वेगळा ॲम्प करावा असं कंपन्यांना फारसं वाटलं नाही. स्पीकरच्या ॲम्पमधूनच एक फाटा काढायचा, वाटेत एक रेझिस्टर टाकायचा आणि पुढच्या पट्टीवर पाव इंची जॅक बसवायचा, की झालं काम.

या काटकसरीची किंमत कानाला मोजावी लागायची. हेडफोनचा इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, सगळ्या स्वरांना सारखा नसतो. समजा, तो मधल्या स्वरांना ३०० ओहम आहे आणि खर्जाकडे ५५० ओहमपर्यंत चढतो. जॅकचा स्वतःचा इम्पीडन्स शून्याजवळ असेल तर काही बिघडत नाही. तो १२० ओहम असेल तर खर्ज साधारण सव्वा डेसिबलने फुगतो. १२० हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या १९९६च्या मानकातच तो होता. म्हणजे तोच हेडफोन एका यंत्रावर भरदार आणि दुसऱ्यावर कोरडा वाजायचा, आणि दोष मात्र हेडफोनला लागायचा.

डॅकची गोष्ट सुरू होते ती सीडीबरोबर. ऑक्टोबर १९८२ मध्ये सोनीचा सीडीपी-१०१ जपानात विक्रीला आला. सीडीवर प्रत्येक चॅनलचे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे ध्वनीची मोजमापं असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. सोनीने डाव्या-उजव्या दोन्ही चॅनलसाठी एकच डॅक आळीपाळीने राबवला. फिलिप्सकडे तर १४ बिटांचीच चिप होती. त्यांनी नमुन्यांचा वेग चौपट केला, गोंगाट ऐकू येण्याच्या पलीकडे ढकलला आणि राहिलेले दोन बिट जवळपास वसूल केले. मला हा सगळ्या कथेतला सर्वांत हुशार डाव वाटतो. पुढे प्लेअरला डिजिटल आउटपुट मिळालं आणि ऐंशीच्या दशकातच डॅक वेगळ्या डब्यात राहायला गेला.

दोघांना एका छपराखाली आणणारं पहिलं गाजलेलं यंत्र म्हणजे १९९१चं सेनहायझर ऑर्फियस. हा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन: जाळीदार दोन पाट्यांमध्ये अतिपातळ पडदा, आणि तो हलवायला शेकडो व्होल्ट. साध्या जॅकचं ते कामच नव्हे. त्यामुळे हेडफोनसोबत व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचा, ॲम्प आला आणि त्याच्याच पोटात डॅकही बसवला. असे सुमारे ३०० संच बनले. अर्थात ती चैन होती.

रोजच्या वापरातली वाट स्टुडिओतून आली. २००२ मध्ये आलेल्या बेंचमार्क कंपनीच्या ‘डॅक१’च्या पुढच्या पट्टीवर हेडफोनचे जॅक होते, आणि ते शोभेपुरते नव्हते. तोवर गाणी संगणकात शिरली होती. संगणकाचा स्वतःचा जॅक कुरकुर करणारा, माउस हलवला तरी कानात खरखर. मग यूएसबीने आकडे बाहेर काढून उरलेलं सगळं एका डब्यात उरकणं ओघानेच आलं. असिंक्रोनस यूएसबीमुळे तालही संगणकाच्या हातून गेला: डॅक आपल्या घड्याळाप्रमाणे माहिती मागतो, संगणक ती पुरवतो.

चिप बनवणाऱ्या कंपन्या मात्र मूठभरच राहिल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानातल्या नोबेओका इथल्या असाही कासेईच्या चिप कारखान्याला आग लागली आणि नामांकित डॅक-ॲम्पचं उत्पादन अडलं. आरएमई या कंपनीने आपल्या एडीआय-२ डॅकमध्ये असाही कासेईची चिप काढून ईएसएस या दुसऱ्या चिप कंपनीची बसवली. त्यासाठी आतली मांडणी नव्याने करावी लागली. बाहेरचं नाव तेच राहिलं.