सिमवाला डोंगल घेताय? स्टिक आणि हायलिंक, लिनक्सवर फरक कळतो

घरच्या लिनक्स पीसीला कमी पैशात नेट हवंय, वायरवालं ब्रॉडबँड परवडत नाही किंवा पोचतच नाही, मग सिम टाकायचा यूएसबी डोंगल बघितला जातो. बरोबरच आहे. फक्त हे डोंगल बाहेरून सारखेच दिसले तरी दोन जातीचे असतात आणि डब्यावर मोठ्या अक्षरात असतो तो फक्त स्पीड.

स्टिक म्हणजे निव्वळ मोडेम. लिनक्सला त्याचे सिरीयल पोर्ट (मोडेमशी बोलायची दारं) दिसतात, टीटीवाययूएसबी० वगैरे नावांचे, आणि डायल करायचं, म्हणजे नेट जोडायचं, काम तुमच्या पीसीचं. मोडेम सांभाळणारा मोडेममॅनेजर हा प्रोग्राम असेल तर नेटवर्कमॅनेजरमध्ये (लिनक्सचं नेट जोडणारा प्रोग्राम) एपीएन, म्हणजे सिम कंपनीच्या नेटचं नाव, भरला की झालं. पण हलकी डिस्ट्रो (लिनक्सची आवृत्ती) टाकली असेल आणि मोडेममॅनेजरच नसेल तर डब्ल्यूव्हीडायल आणि पीपीपी हे डायल करणारे प्रोग्राम, मोडेम वापरायची परवानगी देणारा डायलआउट ग्रुप ही सगळी जुनी वरात काढावी लागते, आणि ती पॅकेजं उतरवायला परत नेटच लागतं!

हायलिंकमध्ये डोंगल स्वतःच छोटा राउटर असतो. डायल तोच करतो, पीसीला आयपी तोच देतो, आणि लिनक्सला वाटतं की साधं लॅन कार्ड लावलंय. एपीएन बदलायचा तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ उघडायचं. डिस्ट्रो इन्स्टॉल करतानासुद्धा हा बहुतेक वेळा चालतो, कारण लॅन कार्ड इन्स्टॉलरला कळतंच.

गोंधळ कुठे होतो तर ह्युवेईचा ई३३७२ बघा, एकच नाव, पण एसवाला सहसा स्टिक आणि एचवाला सहसा हायलिंक. सेकंडहँड घेताना कोणी फर्मवेअर (डोंगलच्या आतलं सॉफ्टवेअर) बदललेलं असू शकतं, म्हणून लावून एलएसयूएसबी ही कमांड चालवा, ती प्रत्येक यूएसबी वस्तूचा ओळख क्रमांक दाखवते: १२डी१:१५०६ म्हणजे स्टिक, १२डी१:१४डीसी म्हणजे हायलिंक. १२डी१:१एफ०१ आलं तर घाबरू नका, तो अजून विंडोजच्या ड्रायव्हरची सीडी असल्याचं सोंग घेऊन बसलाय, यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज टाकलं की ताळ्यावर येतो.

माझं मत विचाराल तर घरासाठी हायलिंक. त्यात नॅट असतं, म्हणजे पीसी डोंगलच्या पत्त्यामागे लपतो, त्यामुळे बाहेरून एसएसएच करणं (दुसरीकडून पीसीत लॉगिन करणं) अवघड, पण मोबाइल कंपन्या बहुतेक ठिकाणी स्वतःच तुम्हाला नॅटमागे ठेवतात, त्यामुळे तसंही फारसं काही जात नाही. स्क्रिप्टमधून एसएमएस पाठवायचेत, एमएमसीएलआयने (मोडेममॅनेजरची कमांड) सिग्नल बघायचाय, असले उद्योग असतील तर मात्र स्टिकच घ्या.

आणि थांबा, घरात अँड्रॉइड फोन असेल तर आधी त्याला केबल लावून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट पीसीला देणं, करून बघा. लिनक्सला तोही लॅन कार्डासारखाच दिसतो, वायफायच्या ड्रायव्हरची कटकट नाही आणि खर्च शून्य. तुमच्या खोलीत त्या सिमला रेंज किती मिळते हेही कळेल, मग डोंगल घ्यायचा की नाही ते ठरवा.

हायलिंक घेतलात तर पहिल्याच दिवशी एक सेटिंग करा. स्टिक लावली की नेटवर्कमॅनेजर स्वतःच ओळखतो की हा मोजून मिळणारा डेटा आहे, हायलिंकला मात्र तो वायरवालं कनेक्शन समजतो आणि मग सॉफ्टवेअर अपडेट मागच्या मागे सुरू होऊन दिवसाचा कोटा सकाळीच उडतो. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये ते मीटर्ड (मोजून मिळणारं) म्हणून ठेवा, किंवा एनएमसीएलआयने (नेटवर्कमॅनेजरची कमांड) मीटर्ड यस करून टाका.